मुका सांधा

वच्छलाबाई आपल्या घरात शिरली आणि जागीच थबकली. भावाने गाडीतून आणून सोडलं ते घर आपलंच, की त्याचं डोकं फिरलं आणि त्याने शेजारच्यांकडे नेऊन उभं केलं?

वास घरचाच होता. लसणाच्या फोडणीचा, कोपऱ्यातल्या धानाच्या पोत्यांचा, सून दामिनीच्या केसांतल्या तेलाचा. आवाजही घरचेच. पण पायाखाली घर नव्हतं. बैठकीतून मधल्या खोलीत जाताना उजव्या पायाचा अंगठा सवयीने पुढे गेला, दारातली पट्टी चाचपायला. पट्टी लागली नाही. अंगठा आणखी पुढे सरकला. तरी नाही. सगळं सपाट, पाटीवरचं लिहिलेलं कोणी ओल्या फडक्याने पुसून टाकावं तसं.

"कसं वाटते, माय?" उमेंद्रचा आवाज आनंदाने फुटत होता. "बोल ना वो! तुह्यासाठीच केलं."

"माह्यासाठी?"

"मंग कोणासाठी? तू दर खेपी त्या उंचवट्यापाशी थांबत होतीस. अंगठ्याने चाचपत होतीस. मी म्हटलं, माय एक दिवस पडते आन् कंबर मोडते. तू मामाकडे गेली ना, तवाच बकारामभाऊले बोलावलं. तिन्ही दारं सपाट करून टाकली!"

तिन्ही?

तिने भाऊ भैय्यालालचा हात घट्ट धरला. चेहऱ्यावर मात्र हसू आणलं, कारण सगळे आपल्याकडेच पाहत असणार हे तिला ठाऊक होतं. दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं. वच्छलाबाईला दिसतच नव्हतं, आणि ही गोष्ट त्या घरात तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर आधी त्या जमिनीचं सांगावं लागेल.

मुर्री गावातलं हे घर तिच्या नवऱ्याने उभं केलं. कवडू जातीचा नव्हे, हाताचा वाढई, म्हणजे सुतार. शेती वाट्याने करायचा आणि उरल्या दिवसांत दारं-खिडक्या. गोंदियाकडची एक जुनी राइस मिल पाडायला निघाली तेव्हा कवडूने तिथे काम केलं आणि मजुरीऐवजी माळ्यावरच्या सागवानी फळ्या मागून घेतल्या. त्या फळ्यांवर बायांनी वर्षानुवर्षं तांदूळ पसरलेला, पाय घासलेले. गुळगुळीत झालेल्या, तांदळाच्या कोंड्याचं तेल प्यालेल्या. बैलगाडीतून आणून त्याने त्या मधल्या खोलीत बसवल्या. अख्ख्या मुर्रीत लाकडाची जमीन असलेली ती एकच खोली. लोक पाहायला यायचे आणि म्हणायचे, "कवडूभाऊ, हे पलंगावर चालल्यासारखं वाटते गा!"

पुढे पोरगा कमावता झाला. उमेंद्रचं कुडव्याला नळ-पाइपचं दुकान. त्याने मधल्या खोलीच्या अवतीभवती नवं सैपाकघर, बैठक, मागची पडवी बांधली आणि सगळीकडे टाइल लावली. फळ्या काढायची गोष्ट निघाली तेव्हा बापलेकांत अशी जुंपली की घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही. बापाची फळी खाली उतरेना, पोराची फरशी वर चढेना. शेवटी दोन्ही आपापल्या जागी राहिल्या आणि मध्ये राहिला दोन बोटांचा उंचवटा. सैपाकघराच्या दारात फळीची उघडी कड. बैठकीच्या दारात उमेंद्रने ठोकलेली अॅल्युमिनियमची पट्टी, जिचा खिळा ढिला झाल्यामुळे पाय पडला की टिक वाजायची. आणि पडवीच्या दारात कवडूने स्वतः रंधा मारून बसवलेला लाकडाचा उतार, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखा.

त्या उंचवट्याने सगळ्यांना प्रसाद दिला. नात रेणूच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. भैय्यालाल एकदा श्रीखंडाची वाटी घेऊन असा आडवा झाला की श्रीखंड पंख्याला लागलं. दामिनी तर रोज शिव्या घालायची, सासऱ्याला नाही, नवऱ्याला नाही, पट्टीला. कवडू गेला, आणि नंतरही तो उंचवटा तसाच राहिला.

मग वच्छलाबाईचे डोळे जायला लागले.

एका दिवसात गेले नाहीत. आधी कडा गेल्या. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं नाही. शेजारची शामकला बाजूने येऊन बोलली की ती दचकायची. नंतर त्या नळीतही धुकं भरलं. आता उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं, आणि माणूस हललं तर सावली.

तिने कोणाला सांगितलं नाही. का, ते तिला नीट ठाऊक होतं. तिच्या माहेरी तिची मोठी मावशी अशीच आंधळी झाली होती. चांगली तीन खंडी धान उफणणारी बाई. डोळे गेले तसं घरच्यांनी तिला पडवीत खाटेवर बसवलं. कोणी वाईट वागलं नाही, हीच तर गोष्ट होती. सगळे प्रेमाने म्हणायचे, "राहू दे मावशी, तू बस." पाणी हातात, ताट मांडीत. मावशी बसली ती बसलीच. येणारे-जाणारे तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचे. जित्या माणसाचा फोटो भिंतीला टेकवून ठेवावा तसं. वच्छलाबाईने ते पाहिलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं की आपण त्या खाटेवर बसायचं नाही.

आणि जमलं की तिला! शाळेत ती फारशी गेलीच नव्हती, त्यामुळे तिने पेपर वाचावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. सुईत दोरा ओवायचा तर रेणूला हाक मारायची, "ये गं, तुह्ये डोळे तेज आहेत." टीव्हीवरच्या बायका ती आवाजावरून ओळखायची आणि त्यांच्या सासूंना नावं ठेवायची. तेल तापलं की नाही ते कढईच्या आवाजावरून, भात झाला की नाही ते वाफेच्या वासावरून. लाखोरीच्या डाळीचे वडे तिच्यासारखे कोणाला जमत नसत. डोळे असताना जमत होते, डोळे गेल्यावर जास्तच जमायला लागले. आणि घरात फिरायचं तर ते तीन उंचवटे होते. उघडी कड लागली की सैपाकघर. टिक वाजलं की बैठक. उतार लागला की पडवी. त्यातून ती कोणत्या दारात उभी आहे आणि तोंड कुठे आहे ते पायाला कळायचं. सगळे ठेच खायचे, आणि ती एकटी त्या कडेवर पाय टेकून घरभर राणीसारखी फिरायची.

थांबते, चाचपते, एवढंच उमेंद्रने पाहिलं. आणि पोराच्या मनात आईची माया दाटून आली.

भावाकडे सडक अर्जुनीला ती गेली होती भाचीच्या बाळाच्या बारशाला. तिथे काही अडलं नाही. पाहुणीने बसायचंच असतं. भावजयीचा हात धरायचा आणि गुडघ्यांना दोष द्यायचा, झालं. आता ती परत आली होती आणि तिचे तीनही डोळे कोणी काढून नेले होते.

"आन् हे पाहा, आजी," रेणू खाली बसून म्हणाली, "बाबांनी तुझ्यासाठी सपाता आणल्या. कापसासारख्या आहेत. टाइल गार लागते ना तुले."

पोरीने स्वतःच्या हाताने आजीच्या पायात सपाता चढवल्या. मऊ, जाड, आतून केसाळ. वच्छलाबाईला वाटलं, आता कान तेवढे राहिले, त्यांच्यातही कोणी कापूस घाला.

"पाहा काकी, आता जरा कामाचंही कौतुक करा," असा घोगरा आवाज आला. तो बकाराम मिस्त्री. टाइल बसवण्यात त्याचं नाव कुडव्यापासून गोंदियापर्यंत. कौतुक ऐकायला मुद्दाम थांबला होता. "लोक म्हणतेत लाकूड आन् टाइल एका पातळीत येतच नाही. मी काय केलं, कडेची टाइलची रांग उखडली, खाली सिमेंटचा मसाला वाढवला आन् हळूहळू चढवत आणली. फळीची कड रंधून काढली. मधात थोडी फट ठेवली, लाकूड पावसाळ्यात फुगते म्हणून, आन् त्याच्यात रबरासारखं भरण भरलं, सागाच्याच रंगाचं. वरून सगळ्या फळ्यांले पॉलिश. एकदम पानी के माफिक! आंधळ्यालेही कळणार नाही कुठं लाकूड संपलं आन् कुठं टाइल सुरू झाली."

"खरं आहे भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. "नाहीच कळत."

"माय, आवडलं ना?"

"लय आवडलं रे."

दामिनी तिला धरून आत घेऊन गेली. सैपाकघरात ओट्याला हात लागला आणि वच्छलाबाईचा जीव भांड्यात पडला. इथे सगळं जागच्या जागी होतं. साखरेचा डबा, चहाचा डबा, चिमटा खिळ्याला.

"आई, तुम्ही बसा. दमून आल्या. चहा मी मांडते."

"माह्या घरी माहा भाऊ आला आन् चहा तू करतेस? सरक."

दामिनी सरकली. सासूच्या आवाजाला त्या घरात अजून वजन होतं. वच्छलाबाईने चहा उकळला, आलं ठेचलं, वास पाहून उतरवला, कपांच्या कानावर बोट ठेवून ओतला. एक थेंब सांडला नाही. तिने ट्रे उचलला. मनात म्हणाली, सरळ जायचं. आजवर गेले तसंच. त्यात काय!

ती निघाली. कड आली असेल, गेली असेल. सपातेला काहीच कळलं नाही. आपण अजून सैपाकघरात आहोत की मधल्या खोलीत? की बैठकीत पोहोचलो? बैठकीत भैय्यालालचा आवाज असायला हवा होता. भैय्यालाल तर झोपेतही बोलतो. पण त्या घटकेला सगळं घर चिडीचूप झालं होतं.

झालं होतं असं, की बकारामने खिशातून काचेचा कंचा, खेळायची गोटी, काढला होता आणि सगळ्यांना हळू आवाजात म्हणाला होता, "कोणी श्वासही घेऊ नका. आयका. मी कंचा सोडतो. सांध्यावरून जाताना आवाज आला तर मी मिशी काढून देतो." आणि बैठकीतल्या टाइलवर उकिडवा बसून त्याने कंचा मधल्या खोलीकडे सोडला. उमेंद्र त्याच्याजवळ वाकला. भैय्यालाल खुर्चीतून पुढे झुकला. रेणूने तोंडावर हात ठेवला.

वच्छलाबाईला काहीतरी घरंगळत येताना ऐकू आलं. ते अंगठ्याजवळून गेलं. ती वाट पाहत राहिली की आता ते कडेला अडखळेल, टिक वाजेल, मग मला कळेल मी कुठे आहे. ते अडखळलं नाही. पुढे जाऊन कशावर तरी आपटलं. टण्ण!

भैय्यालालने गाडीच्या किल्ल्या ठेवल्या, तिला वाटलं. तिथे बसला आहे तर! ती वळली, दोन पावलं पुढे गेली, ट्रे पुढे धरला आणि अगदी पाहुण्याला द्यावा तशा आदबीने म्हणाली,

"घे भैय्या. आलं जास्त टाकलं, तुले आवडते म्हणून."

समोर मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट होतं.

रेणू खुदकन हसली. "आजी! कपाट चहा पीते का?"

भैय्यालालही हसला. बकारामही. त्या एका क्षणात वच्छलाबाईला वाट दिसली. हसायचं आणि म्हणायचं, गंमत केली रे, तुम्ही कंच्याशी खेळता, मी कपाटाशी. ती हसलीदेखील. आणि हसत हसत आवाजांकडे वळून तिने ट्रे खाली ठेवला, नेहमी जिथे तिपाई असायची तिथे. पॉलिशसाठी तिपाई सरकवली होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ट्रे हवेत ठेवला गेला.

कप फुटले. उमेंद्र कंचा घ्यायला रांगत आला होता. गरम चहा त्याच्या हातावर आणि मानेवर गेला. तो ओरडला. वच्छलाबाईही ओरडली, "कोणाले लागलं? रेणू आहे का? कोणाले लागलं रे?"

पुढ्यात उमेंद्र मान धरून बसलेला आणि आई विचारतेय, कोणाला लागलं.

तिच्या तोंडासमोर वारा हलला. कोणीतरी हात हलवत होतं, एकदा, मग जवळून, मग अगदी नाकाशी. दामिनीच्या तेलाचा वास आला.

"आई," दामिनीचा आवाज बसला होता, "माहा हात दिसते का तुम्हाले?"

वच्छलाबाईने चाचपून तो हात धरला.

"कवापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या," ती म्हणाली. "आधी थोडं दिसत होतं."

"दोन दिवाळ्या!" दामिनी भिंतीला टेकली ते कळलं, कारण तिच्या बांगड्या भिंतीला घासल्या. "रोज उकळतं तेल... रोज तुमच्या हातचं खाल्लं आम्ही. आन् तुम्ही... बाप्पा!"

"माह्या घरी होती ना वो तू इतके दिवस," भैय्यालाल म्हणाला. "माह्या बायकोने हात धरून फिरवलं तुले. म्हणे गुडघे!" आणि तो मोठा माणूस तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. बकाराम मिस्त्री फुटलेले कप गोळा करत होता. त्याने तो कंचा उचलला आणि कोणाला दिसू नये असा खिशात टाकला.

गोंदियाच्या डोळ्याच्या डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू आहे. गेलं ते गेलं. उरलेला उजेड टिकवायला थेंब घालायचे, रोज, न चुकता. आणि उमेंद्रला विचारलं, आधी का नाही आणलं? दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. परतताना मोटारसायकलवर मागे बसलेल्या आईला त्याने एवढंच म्हटलं, "काऊन नाही सांगितलं, माय?" वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही असं तिने दाखवलं. आता कान गेले म्हणायला मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी खाट आली.

नवी, पक्की, वर जाड गादी. बैठकीत खिडकीपाशी. उमेंद्रने स्वतः चादर घातली. "माय, आता तू इथंच बस. काही लागलं तर आवाज दे. सैपाकघरात पाय ठेवायचा नाही. माही शप्पथ."

वच्छलाबाई बसली. पोराची मान अजून भाजलेली होती, त्याच्याशी काय भांडणार!

बायका भेटायला आल्या. शामकला आली, दारातच गळा काढून. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून दामिनीकडे वळली आणि विचारलं, "जेवते का वो? रात्री झोपते का?" वच्छलाबाई हातभर अंतरावर बसली होती. आपण मेलो की काय आणि कोणी सांगितलंच नाही? मग ती म्हणाली, "शामकला, मी इथंच आहे. जेवते. झोपतेही. तुह्या पायात जो मोठा आवाज करते तो जोडवा ढिला झाला आहे, तो घट्ट करून घे."

शामकला घाबरून घरी गेली.

दिवस जायला लागले. पाणी हातात, ताट मांडीत. वच्छलाबाई उठायची तर कोणी ना कोणी धावून यायचं. "आजी, थांब!" "माय, कायले उठली?" अनवाणी ती एकदा-दोनदा आपणहून गेली. लाकूड कुठलं, टाइल कुठली ते तळव्याला थोडं कळायचं. पॉलिशने तेही पुसट झालं होतं. पण नुसतं लाकूड कळून काय करायचं? कोणत्या दाराचं, तोंड कुठे, ते सांगणारी रेघ नव्हती. एकदा ती पडवीकडे निघाली आणि धानाच्या पोत्यांवर जाऊन बसली. घरात सगळीकडे घर होतं आणि दार कुठेच नव्हतं.

दामिनी सासूशी बोलत नव्हती. थेंब घालायची, ताट द्यायची, पण शब्द नाही. राग होता. आणि तो राग वच्छलाबाईला बरा वाटायचा, कारण फोटोवर कोणी रागावत नाही.

एका दुपारी उमेंद्र दुकानात, रेणू कॉलेजात. दामिनीने वडे तळायला घेतले. वास आला तशी वच्छलाबाई खाटेवरूनच म्हणाली, "तेल कमी तापलं. पितील ते."

"तुम्हाले काय दिसते तिथून?" दामिनी फणकारली.

"आयकू येते."

थोडा वेळ कढईच गप्प झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग धप्प! मग बांगड्या. मग दामिनीची शिवी, चांगली खणखणीत, माहेरची.

"काय झालं वो?"

"डोळे मिटून येऊन राहिली होती मी तुमच्याकडे," दामिनी कण्हत म्हणाली. "दाराची चौकट लागली." ती येऊन खाटेच्या कडेवर बसली. कपाळ चोळत होती बहुतेक. मग म्हणाली, "ते उंचवटे होते तवा तुम्ही बरोबर फिरत होत्या."

"हो."

"आन् आम्ही ते काढले."

"तुम्हाले काय माहीत होतं? मी सांगितलं नाही. माही चूक."

"तुमची चूक आहेच," दामिनी म्हणाली. "ते मी जलमभर बोलून दाखवीन, सोडणार नाही. पण खाटेचं काय करायचं ते सांगा. मले घरात तुमचा आवाज पाहिजे, खाट नको."

वच्छलाबाईला जो धक्का बसला तो कपाटाला चहा देण्यापेक्षा मोठा होता. तिला वाटलं होतं, सून मनात 'सुटले एकदाची' म्हणत असेल.

दामिनीने उमेंद्रला न विचारता बकारामला फोन केला. तो हत्यारं घेऊन आला खरा, पण काम ऐकल्यावर त्याने पिशवी पोटाशी धरली.

"बिघडवू? माह्या हाताने? वहिनी, लोक मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन गेले या सांध्याचा! परत उंचवटा करा म्हणता?"

"उंचवटा नको भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. ती खाटेवरून उठून दारापाशी आली होती, दामिनीच्या दंडाला धरून. "त्याने पोरीची नखं खाल्ली. तुमची जमीन सपाट आहे ते चांगलंच केलं. सपाटच राहू द्या. पण मुकी नको. दारात आलो की तिने बोललं पाहिजे."

"जमीन कशी बोलणार, काकी?"

"खाली बसा. सांगते."

आणि ती बसली, फतकल मारून, बकारामच्या समोर. सैपाकघराच्या दारातलं रबरी भरण काढायचं आणि त्या जागी चार बोटं रुंद खरबरीत दगडाची पट्टी, पाट्याला टाकी लावतात तशी, पण टाइलच्या पातळीत. बैठकीच्या दारात पितळेची, थंडगार. पडवीच्या दारात लाकडातच आडव्या खाचा. पाय घसरणार नाही, ठेच लागणार नाही, पण तळव्याला कळेल. बकाराम ऐकत राहिला. मधेच म्हणाला, "दगड जास्त खरबरीत झाला तर टाच फाटेल." ती म्हणाली, "मंग मी हात लावून पाहीन, तुम्ही घासा." त्याने पिशवीतून करणी बाहेर काढली.

दिवसभर काम चाललं. ती उठलीच नाही. दगडावर तळहात फिरवायची. "इथं अजून घासा. हे टोक वर आलं." बकाराम कुरकुरत घासायचा. "काकी, पाणसळ लावली आहे मी, बुडबुडा मधात आहे." "तुमचा बुडबुडा नाही चालणार त्याच्यावरून, मी चालणार." दामिनी चहा घेऊन आली तर दोघांच्याही अंगावर धुळीचा थर. पितळेची पट्टी शेवटी राहिली. तिच्याखाली ओला मसाला पसरला होता, बैठकीच्या दारात, आणि वच्छलाबाई त्याच्या कडेवर बोट ठेवून पातळी पाहत होती.

त्याच वेळी उमेंद्र दुकानातून आला. बैठकीत पाय ठेवला आणि त्याला दिसली रिकामी खाट.

"माय!" असा ओरडला की शेजारची शामकलाही बाहेर आली असेल. "माय कुठं गेली? दामिनी!" बुटांसकट तो धावत मधल्या खोलीकडे निघाला.

पच्च!

"थांब," वच्छलाबाई जमिनीवरून म्हणाली. "हलू नको. तू ओल्या मसाल्यात उभा आहेस."

उमेंद्रने खाली पाहिलं. आई धुळीने पांढरी होऊन दारात बसली होती, तिचा हात त्याच्या बुटाला लागून होता, आणि बुटाची टाच मसाल्यात रुतली होती.

"माय, हे काय करून राहिली तू? मी शप्पथ घातली होती ना! लागलं असतं तुले. पडली असतीस."

"बोलू मंग. आधी पाय उचल. सरळ वर. घासू नको, नाहीतर कड मोडते."

त्याने पाय उचलला. एका पायावर उभा राहिला, दुकानाची पिशवी हातात, मानेवर अजून मलम. "कुठं ठेवू?"

"मागं."

"इथं?"

"अजून मागं. तुह्या टाचेचा आवाज टाइलवर आला पाहिजे." टाच वाजली. "हां. तिथंच राहा." तिने बोटाने मसाल्यातला खड्डा चाचपला. "बकारामभाऊ, खोल आहे. भरून घ्या, सुकण्याच्या आधी."

बकारामने थापी मारली. दामिनी सैपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती, आणि तिचं हसू पदराबाहेर येत होतं. उमेंद्र तिच्याकडे पाहून काही बोलणार होता. मग पुन्हा आईकडे पाहिलं. ती पट्टी उचलून अंदाज घेत होती, कोणत्या बाजूने बसवायची.

"तू आता कढईपाशी जाशील," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता, नुसतं दचकणं होतं.

"जाईन."

"आन् मी काय करू, माय? दुकानात बसून भेव वाटून राहील मले."

"वाटू दे. मलेही वाटते." तिने पट्टी मसाल्यावर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी दाबली. "ये, तू या टोकाले बस आन् दाब. बूट काढून ये पण. आन् ती खाट कोणाले द्यायची ते पाह. बैठकीत चालायले जागाच नाही राहिली."